कुमानोच्या रानातली हाक

ओसाकाला विमानातून उतरल्यापासून क्रांती एक वाक्य मनात घोळवत होती आणि दर वेळी गिळत होती. ‘आबा, मी पुन्हा लग्न करतेय.’ एवढंच. सांगलीत ती बँकेत नोकरीला होती. आबा तिथं भेटायला आले तेव्हाही तिला ते जमलं नव्हतं. औंधजवळच्या सासरच्या गावी तर शक्यच नव्हतं. तिथं सासूबाई चंद्राबाई, चुलत दीर, शेजारीपाजारी. इथं जपानात मात्र ती आणि तिचे सासरे कृष्णात, म्हणजे आबा, दोघंच होते. इथं नाही सांगितलं तर मग कुठंच सांगता येणार नव्हतं.

खरं तर ज्या डोंगरवाटेसाठी ते आले होते, ती यशराजनं, तिच्या नवऱ्यानं, दाखवायची होती. तो ओसाकात कंपनीत इंजिनिअर होता. सुट्टी मिळाली की डोंगरात जायचा, कुमानोच्या जुन्या तीर्थवाटेनं चालायचा आणि वाटेवरच्या एखाद्या देवळापाशी उभा राहून बापाला व्हिडिओ कॉल करायचा. “आबा, हजार वर्सं झाली, लोकं ह्या वाटेनं देवाला जात्यात. तुमाला आणणार हाय मी.” आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी आली तरी दर पौर्णिमेला यमाईचा डोंगर न थांबता चढायचे. त्यांचा पासपोर्टही यशराजनंच काढून दिला होता. मग एकदा तो रजेवर आला असताना साताऱ्याजवळ हायवेला एका ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली आणि तो गेला. त्यानंतर दोन वर्षं आबांनी त्या वाटेचं नाव काढलं नाही. आणि यंदा दसरा झाल्यावर एकदम म्हणाले, “क्रांती, मला त्यो रस्ता बघायचाय. चल तू.”

ती आली. पोटात ते वाक्य घेऊनच आली.

नोव्हेंबरची दुपार होती. दोन्ही बाजूंना सरळसोट, काळपट झाडं आणि मधून दगडी पायऱ्यांची शेवाळलेली वाट. सकाळी मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी भाताचे गोळे बांधून दिले होते आणि खिडकीबाहेर बोट दाखवून, मग गालाखाली हात ठेवून डोळे मिटून सांगितलं होतं, इथं लवकर अंधारतं. आबांनी तो भात घरच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला. वाटेत लहानसं देऊळ आलं, की ते टोपी काढत आणि विचारत, “ह्यो कंचा देव?”

“माहीत नाही, आबा.”

“असू दे. देव हाय न्हवं?”

मग हात जोडत आणि पुढं निघत.

एका वळणावर झाडाच्या बुंध्याशी दगडाची छोटी मूर्ती होती. बाळासारखा गोल चेहरा, गळ्यात कुणीतरी बांधलेलं लाल लाळेरं. ह्या देवाबद्दल क्रांतीनं वाचलं होतं.

“हे जिझो, आबा. आईबापांच्या आधी जी लेकरं जातात ना, त्यांना सांभाळणारा देव.”

आबांनी टोपी काढली. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. हात जोडलेच नाहीत. नुसते बघत राहिले. त्यांची मान हलत होती. क्रांतीला ते बघवेना. त्या क्षणी गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं आहे असं तिला वाटलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

“आबा, मी लग्न करतेय. आमच्या बँकेतच आहेत. वीरधवल म्हणून. त्यांची बायको आजारपणात गेली.”

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे इथं, ह्या मूर्तीपुढं बोलायचं नव्हतं.

आबांनी वळून पाहिलं नाही. “कवा ठरलं?”

“श्रावणात.”

“म्हंजे इमानात बसायच्या आदीच.”

“हो.”

त्यांनी टोपी घातली, काठी उचलली आणि चालू लागले.

क्रांती मागोमाग निघाली. आबांच्या चालीत फौज होती. रागात तर ती धावण्यासारखीच झाली. “आबा, थांबा जरा!” ते थांबले नाहीत. पहिल्या चढाला त्यांची पाठ दिसत होती, दुसऱ्याला नुसती पांढरी टोपी. आणि खिंडीत ती पोचली तेव्हा खालच्या दरीतून धुकं वर आलं होतं. टोपीही दिसेना.

“आबा! ओ आबा!”

तिची हाक झाडांत शिरली आणि तिथंच जिरली.

ती पळत सुटली. पायऱ्यांवरून दोनदा घसरली. आबांकडं फोन नव्हता, ह्या देशातला एक शब्द त्यांना येत नव्हता, आणि तिच्या फोनला रेंज नव्हती. वाट दरीच्या कडेनं जात होती. कडेला कठडा नव्हता. ती दर वळणावर खाली वाकून बघायची, काही दिसलं नाही की सुटकेचा श्वास टाकायची, आणि पुढच्या वळणावर पुन्हा वाकायची.

समोरून एक म्हातारं जपानी जोडपं आलं. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. क्रांतीनं फोनमधला आबांचा फोटो त्यांच्यापुढं धरला. “माय फादर. फादर!” पुरुषानं फोटो नीट पाहिला, बायकोला दाखवला. दोघांनी माना हलवल्या. मग त्यानं दोन्ही हातांची फुली करून दाखवली: कुणीच भेटलं नाही.

क्रांतीनं मागं वळून पाहिलं. हे दोघं समोरूनच येत होते. आबा ह्या वाटेवर असते तर भेटले असते. म्हणजे ते ह्या वाटेवर नव्हतेच.

तिला आठवलं, खिंडीच्या अलीकडं एक फाटा होता. वाटेवर आडवा दोर बांधलेला आणि त्याला लटकवलेली पाटी. ती खाणाखुणा करून सांगू लागली. दोर, पाटी, खाली जाणारी वाट. पुरुषाचा चेहरा उतरला. तो बायकोशी भराभर काहीतरी बोलला, मग क्रांतीला कानाशी फोन धरल्याची खूण केली, खाली रेंजमध्ये जातो म्हणून, आणि आला त्याच वाटेनं माघारी धावत निघाला. बाईनं आपल्या गळ्यातली शिट्टी आणि हातातली बॅटरी क्रांतीला दिली, तिचा हात घट्ट दाबला आणि नवऱ्यामागं गेली.

फाट्यापर्यंत यायला क्रांतीला युगं लागली. पाटीवर लाल अक्षरं होती. ती वाचता येत नव्हती, पण दरड कोसळल्याचं चित्र कळत होतं. धुक्यात आबांना ते दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल. दोरापलीकडच्या चिखलात बुटाची टाच उमटली होती. ती दोराखालून आत गेली.

“आबा!”

काही नाही.

“आबा, मी आलेय! कुठं हाय तुमी?”

काही नाही. वाट अरुंद झाली, मग एका ठिकाणी संपलीच. तिथून पुढं डोंगर खरवडून काढल्यासारखा तांबडा उतार होता. ती काठाशी पालथी झाली आणि बॅटरी खाली मारली. आधी टोपी दिसली. मग, तिच्या खाली, एका झाडाच्या उघड्या मुळाला पाठ टेकून बसलेले आबा. एक पाय वाकडा झालेला. डोळे उघडे. तिच्याकडंच बघत होते.

ती बसल्या बसल्या घसरत, मुळं धरत खाली गेली. त्यांच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला. रक्त नव्हतं.

“आवं, ओ का देत न्हाई? किती हाका मारल्या मी!”

“ऐकू येत हुतं.”

“काय?”

“पयल्यापासनं ऐकू येत हुतं,” आबा म्हणाले. “न्हाई दिली ओ.”

क्रांतीचा त्यांच्या खांद्यावरचा हात खाली आला.

“पोरगा गेला. आता तूबी चाललीस. म्हटलं, ऱ्हावं गप पडून. म्हातारं हितं ऱ्हायलं तर कुणाचं काय अडतंय?”

तिचा आवाजच फुटला. “आणि मी सासूबाईंना काय सांगायचं होतं? आबांना रानात टाकून आले म्हणून? त्यांनी मुलगा गमावलाय. आता तुम्हालाही?”

आबांचा चेहरा बदलला. जणू कुणीतरी कानफटात दिली होती. “त्ये डोक्यात न्हाई आलं,” ते हळूच म्हणाले.

एवढ्यात मुळाखालची माती सरकली. एक दगड सुटला आणि खाली गेला. तो आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. दोघांनीही तो ऐकला. क्रांतीनं ओढणी काढली, आबांच्या कमरेभोवती फिरवली आणि वरच्या जाड मुळाला गाठ मारली. मग स्वतः त्यांचा दंड धरून बसली. ती शिट्टी वाजवायची, थांबायची, ऐकायची, पुन्हा वाजवायची. अंधारत चाललं होतं. दर थोड्या वेळानं थोडी माती खाली जात होती.

“कसा हाय त्यो?” आबांनी अंधारातच विचारलं.

“चांगले आहेत.”

“पितो का?”

“नाही.”

“घरी कोन?”

“आई आहे. तासगावला.”

“यशराजचा फोटू लावू देल का घरात?”

“विचारलं नाही,” क्रांती म्हणाली. “विचारणारही नाही. मी लावणार.”

आपल्या दंडावरचा तिचा हात आबांनी दुसऱ्या हातानं धरला.

वरून माणसांच्या हाका आल्या तेव्हा क्रांतीच्या ओठांतून शिट्टीत फुंकायलाही जोर निघत नव्हता. खालच्या गावातली आग विझवणारी माणसं होती, डोक्याला दिवे लावलेली. एक तरुण दोरावरून उतरला, आबांना पट्ट्यांत बांधलं आणि म्हणाला, “ओके, ओके.” “मला न्हाई, तिला आदी,” आबा त्याला मराठीतच दरडावत राहिले. तो मान डोलवत राहिला आणि त्यांनाच आधी वर घेऊन गेला.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं, चाकांची खुर्ची मिळाली. मुक्कामाच्या बाईंच्या मुलानं गाडीतून दोघांना होंगूच्या मोठ्या देवस्थानापर्यंत नेलं. जिथं ती वाट संपते ते हे ठिकाण. दगडी पायऱ्या वर उंच गेल्या होत्या, दोन्ही बाजूंना पांढरे ध्वज. आबांनी खालूनच हात जोडले.

“जा तू. त्याच्यासाठी आलो हुतो. जाऊन ये.”

क्रांती वर गेली. देवळापुढं उभी राहून लोकांसारखीच वाकली, टाळ्या वाजवल्या, पण मागायचं काय ते सुचेना. ती खाली आली तेव्हा आबा तिचीच वाट बघत होते.

“घरी मी सांगतो,” ते म्हणाले. “तुझ्या सासूला अन् भावकीला. तू तोंड उघडायचं न्हाई. कोन काय बोललं तर माज्याशी गाठ हाय.”

“आबा...”

“थांब. लग्नाला मी येणार न्हाई. तेवढं मागू नगं. राग न्हाई माजा. बघवणार न्हाई मला.”

“बरं,” क्रांती म्हणाली, आणि खुर्ची ढकलायला मागं गेली, म्हणजे त्यांना तिचं तोंड दिसू नये.

माघात सांगलीला रजिस्टर लग्न झालं. चंद्राबाई एकट्याच एसटीनं आल्या, क्रांतीला पोटाशी धरून रडल्या आणि जेवण न करता गेल्या. आबा म्हटल्याप्रमाणं आले नाहीत.

पाडव्याला क्रांती आणि वीरधवल आबांच्या गावी गेले. आबा अंगणात उभे होते. ते लंगडत फाटकापर्यंत आले. वीरधवल पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याच्या तोंडाकडं न बघता हातातली पिशवी काढून घेतली.

“चला आत,” ते म्हणाले. “ऊन लय हाय.”