न म्हटलेली मंगलाष्टकं

कुणाच्याही घरी संगणक दिसला की सुशांतचे हात शिवशिवायचे. पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलेला, त्यात मनस्विनीशी लग्न ठरलेलं. मग होणाऱ्या सासऱ्यांच्या जे. पी. नगरातल्या घरी तर शहाणपण मिरवायलाच हवं.

सासरे पद्मनाभराव, सगळ्यांचे अण्णा. घराणं इथं येऊन तीनशे वर्षं झालेली, पण घरात मराठीच. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी लिहायला संगणक घेतला आणि त्यावर लेकीच्या लग्नाची मंगलाष्टकं रचायला बसले. ती बापानं रचायची आणि अंतरपाटाशी उभं राहून बापानंच म्हणायची, ही त्या घरची रीत. कागदाशिवाय थेट पडद्यावर वृत्त जुळवतो, याचा त्यांना कोण अभिमान!

लग्नाच्या आठवड्यात सुशांतनं त्याच संगणकावर रजेचा अर्ज लिहिला. पुन्हा उघडायला गेला तर तो अण्णांच्या मराठी प्रोग्रॅममध्ये उघडला, कारण दोन्हींच्या फाइलींच्या नावाचं शेपूट एकच. स्वारी वैतागली. असली फाइल यापुढे नेहमी इंग्रजी प्रोग्रॅममध्येच उघडायची, असं त्यानं संगणकाला बजावलं आणि अर्ज छापून निघून गेला. अण्णा बाजारात गेले होते. त्यांना सांगावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

लग्नात भटजींनी अण्णांकडे पाहिलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुम्हीच म्हणा." पुढे लेकीनं विचारलं तर लिहायला जमलंच नाही म्हणाले. मनस्विनीच्या मनाला ते फार लागलं. बापाला आपल्यासाठी दोन ओळी सुचू नयेत, हे ती सुशांतला कितीदा तरी बोलून दाखवायची. तोही मान डोलवायचा. वर एकदा म्हणाला, "काहींना असतो कंटाळा."

दिवाळसणाला जावई सासरी आला. संगणकावर कापड घातलेलं होतं. सवयीनं त्यानं ते काढलं, यंत्र चालू केलं. 'मनूचं लग्न' नावाची फाइल दिसली. उघडली तर नुसते चौकोन आणि वेड्यावाकड्या खुणा. लग्नाआधी आपण संगणकाला काय बजावलं होतं, ते त्याला आठवलं. प्रोग्रॅम पूर्ववत करायला त्याला क्षणही लागला नाही, पण मराठीतही तोच चोथा उघडला.

अण्णा मागं येऊन उभे होते. सुशांतनं विचारल्यावर त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी छापायला म्हणून उघडलं तर हे असं. घाबरून काय काय दाबलं, संगणकानं जतन करू का विचारलं, त्याला हो म्हटलं, आणि तो चोथाच कायमचा जतन झाला. रात्रभर आठवून पाहिलं, पण वृत्त मोडलं ते मोडलंच. प्रोग्रॅम विकणाऱ्या माणसानं नंतर येऊन पाहिलं आणि कुणीतरी काय बदललं होतं ते सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," सुशांत म्हणाला. "मग मनूला का नाही सांगितलंत?"

"नव्या जावयाचं नाव पुढं करायचं काय? माझ्यावर रुसली तर रुसू दे, मी बाप आहे. तुम्ही पण आता बोलू नका. सणाचा दिवस आहे, सरी?" अण्णांनी कानडी वळणानं 'बरं का' म्हणून बजावलं.

सुशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून आत जावं आणि तिला सगळं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. तेवढ्यात मनस्विनीच फराळाचं ताट घेऊन बाहेर आली. चालू संगणक पाहून तिचा चेहरा उतरला.

"आता लिहिताय होय, अण्णा?" ती म्हणाली.

अण्णा नुसते हसले. सुशांतनं खाली मान घातली आणि चकली मोडून तोंडात टाकली.