समुद्राची वाळू

स्टँडच्या तुळईच्या खालच्या अंगाला भेग होती आणि त्या भेगेवर लेनिरने गेल्या पावसाळ्यात प्लॅस्टरची एक लहानशी पट्टी आडवी बसवली होती. बोटभर रुंद, बिस्किटाइतकी जाड. प्लॅस्टरला ताण सोसत नाही. भेग जराशी उघडली तरी ते तडकतं, एवढाच त्याचा उपयोग. आज पट्टीच्या मधोमध एक रेघ होती. नख फिरवलं तर लागेल न लागेल अशी, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली. तिच्या खालच्या टोकाशी विटकरी डाग धरला होता.

शिडीवर उभी राहूनच लेनिरने गिरमिटाने भोक पाडलं आणि पडलेला भुगा परीक्षानळीत झेलला. पाणी घातलं, आम्लाचे दोन थेंब टाकले, गाळून घेतलं आणि मग सिल्व्हर नायट्रेट सोडलं. दूध नासावं तसं नळीतलं पाणी एकदम पांढरं झालं. मीठ. नवीन काहीच नव्हतं यात. पहिल्यांदा हे तिने पाहिलं, त्याला काही वर्षं होऊन गेली होती. तेव्हा तिने ठरवलं होतं, हा हंगाम संपला की बोलायचं. मग पुढचा हंगाम आला, त्याच्या पुढचा आला.

वर पायऱ्यांवर क्लबची पोरं रविवारच्या फुटबॉल फायनलसाठी ढोल-घोषणांची तालीम करत होती. ढोल वाजले, सगळे एका ठेक्यात उड्या मारू लागले, आणि तुळई किंचित खाली आली, परत वर गेली. लेनिरच्या चष्म्यावर बारीक धूळ पडली. याला इथे ‘किनारा श्वास घेतो’ म्हणतात. नव्या माणसाला मुद्दाम खाली उभं करून दाखवतात.

स्टँडला किनारा हे नाव पडलं ते वाळूवरून. एस्त्रेला दो मांगे हा रेसिफे बंदराच्या गोदीवरल्या हमालांचा फुटबॉल क्लब. शहरातल्या बड्या क्लबने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं, काळ्यांनी आणि अनवाणी माणसांनी आत यायचं नाही म्हणून. तेव्हा त्यांनी खाजण बुजवून स्वतःचं मैदान केलं. भरतीच्या दिवसांत मैदानावर खेकडे यायचे. समोरच्या संघांचे लोक त्यांना ‘खेकडे’ म्हणून हिणवू लागले, तर यांनी खेकडाच शर्टावर शिवून घेतला. पुढे अठ्ठावन्न साली स्टँड बांधायचं ठरलं. सिमेंट एका व्यापाऱ्याने दिलं. सळया गोदीतून आल्या. कशा आल्या, ते कोणी विचारत नाही. राहिली वाळू, नदीची, आणि ती विकत घ्यावी लागणार होती.

“समुद्र दारात पडलाय आणि वाळू विकत घेता?” असं कोणीतरी म्हणालं. झालं. दर रविवारी चर्चमधून सुटल्यावर अख्खी वस्ती समुद्रावर जायची आणि डोक्यावर वाळू घेऊन यायची. घमेली, बालद्या, कणगीसारख्या टोपल्या, कार्निव्हलचे उलटे केलेले ढोल. पुढे बँड, मागे बायका, त्यांच्यामागे पोरं. एक तरुण इंजिनिअर येऊन सांगून गेला, की ही वाळू गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय वापरू नका. त्यावर गवंड्यांच्या पुढाऱ्याने, ज्युवेंसियो मेस्त्रीने, त्याला विचारलं, “साहेब, मीठ लावलेलं मांस वर्षभर टिकतं. मग भिंत का नाही टिकणार?” लोक इतके हसले की इंजिनिअर पुन्हा फिरकला नाही. हा किस्सा क्लबात आजही पोरांना तोंडपाठ असतो. क्लबच्या गाण्यात समुद्र डोक्यावर आणल्याची ओळ आहे, आणि वर्धापनदिनाला प्रत्येक जण मूठभर वाळू आणून किनाऱ्याच्या पायाशी टाकतो.

ज्युवेंसियो मेस्त्री लेनिरचे वडील. लेनिर तंत्रविद्यालयात बांधकामाचं रसायनशास्त्र शिकवायची, आणि मेस्त्रीची मुलगी म्हणून दर वर्षी हंगामाच्या आधी किनारा बघून ‘चालेल’ म्हणायचं काम आपसूक तिच्याकडे आलं होतं. तिने चालेल म्हटलं की चालायचं.

त्या दिवशी दुपारी ती वडिलांकडे जेवायला गेली. संध्याकाळी सभासदांची सभा होती. मेस्त्री सकाळपासूनच क्लबचा शर्ट घालून बसले होते. ताटात मासा होता, त्याच्या रश्शात कसाव्याच्या कंदाचं पीठ कालवलेलं. दात राहिले नसल्यामुळे ते सावकाश जेवत.

“बाबा, भेग वाढलीय.”

“वाढणारच. म्हातारपणी सुरकुत्या कोणाला पडत नाहीत? तू तुझा आरसा बघितलास का मध्यंतरी?”

“सुरकुती नाहीये ती. आतल्या सळया गंजल्यात. गंज फुगतो, आणि फुगला की काँक्रीट आतून फोडतो.”

“रंग मारू या वरून.”

“मिठामुळे गंजल्यात, बाबा. वाळूतल्या.”

मेस्त्रींचा घास हातातच राहिला. बाहेर केळीवाला ओरडत चालला होता.

“कोणी सांगितलं तुला?”

“मी तपासलंय.”

“कधी?”

लेनिरने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मेस्त्रींनी तिच्याकडे नीट पाहिलं. पंचावन्न वर्षांच्या मुलीकडे ते तसं क्वचितच पाहत.

“म्हणजे आजचं नाही हे,” ते म्हणाले.

“नाही.”

“बरं.” त्यांनी घास तोंडात घातला, बराच वेळ चघळला. “मग रविवार होऊ दे. आपला किनारा बंद केला तर फायनल कुठे होईल, माहीत आहे ना? त्यांच्या मैदानावर. ज्या फाटकातून माझ्या बापाला कुत्र्यासारखं हाकललं, त्या फाटकातून मी आत जाऊ, तिकीट दाखवत? या वयात?”

“पडला तर, बाबा?”

“इतकी वर्षं थांबलाय, अजून एक दिवस थांबेल.”

हे वाक्य लेनिरला चांगलंच ओळखीचं होतं. कित्येक हंगाम ती ते स्वतःशी म्हणत आली होती, आणि मनातल्या मनात म्हणताना ते शहाणपणाचं वाटायचं. आज दुसऱ्याच्या तोंडून, माशाचा रस्सा खाता खाता ऐकलं तेव्हा तिने ताट बाजूला सारलं.

तेवढ्यात दारात गाडीचा भोंगा वाजला. क्लबचा अध्यक्ष वाल्देसिर मेस्त्रींना न्यायला आला होता. तो घरात शिरला की आधी त्याचं पोट शिरायचं आणि मग आवाज.

“काय मेस्त्री, जेवताय की सिमेंट कालवताय?”

“ये, तुलाही लिंपतो थोडं. तोंडाची फट मोठी आहे तुझी.”

वाल्देसिर खो खो हसला आणि लेनिरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बाई, सगळी तिकिटं गेली. किनाऱ्यावर मुंगीला जागा नाही. तुमचं ते ‘चालेल’ तेवढं सभेत म्हणून टाका, म्हणजे शहरातल्या शहाण्यांची तोंडं बंद. तिकडचे म्हणतायत, खेकड्यांच्या बिळात कोण येणार? म्हटलं या तर खरे, नांगी दाखवतो.”

“वाल्देसिर, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“सोमवारी बोला. सोमवारी मी तुमच्या पायाशी बसून ऐकतो. कप आणून पायाशी ठेवतो आणि ऐकतो.”

मेस्त्री काठी घेऊन उठले. मुलीकडे न बघता म्हणाले, “चल गं. उशीर होईल.”

क्लबातला सभेचा दिवाणखाना जुना, छताला पंखे, भिंतीला कपांची कपाटं. पुढच्या रांगेत म्हातारे, मागे तरणे, आणि दाराशी ओतिलिया मावशी. ओतिलिया मावशी लहानपणी घमेल्याने वाळू वाहिलेली. आता फाटकाशी तापिओकाची धिरडी विकायची, आणि सभेला येऊन झोपायची.

क्लबात कोणी हात वर करून मत देत नाही. अध्यक्ष ठराव वाचतो आणि म्हणतो, “जे सहमत असतील त्यांनी आहेत तसे राहावं.” लोक आहेत तसे राहतात आणि ठराव मंजूर होतो. विरोध असेल त्याने उठून उभं राहायचं. लेनिरने आजवर कोणाला उठताना पाहिलं नव्हतं. याच रीतीने एका वर्षी क्लबचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर युरोपात गेला, याच रीतीने पोहण्याचा तलाव बुजवला, आणि मध्ये दोन हंगाम शर्ट चक्क पिवळा झाला. नंतर जो तो म्हणायचा, मी कुठे हो म्हटलं होतं? आणि ते खरंही होतं. कोणीच काही म्हटलं नव्हतं.

वाल्देसिरने चष्मा चढवला. ढोलवाल्यांच्या जेवणाचा ठराव झाला. आतषबाजीचा झाला. “ओतिलिया मावशी पण सहमत,” मागून कोणी म्हणालं, “बघा, घोरून पाठिंबा देतेय.”

“तुझा बाप घोरतो,” मावशी डोळे न उघडता म्हणाली. दिवाणखाना हसला.

“आता रविवारचं,” वाल्देसिर म्हणाला. “किनारा पूर्ण खुला राहील, खालपासून वरपर्यंत. लेनिरबाईंनी दरवर्षीप्रमाणे पाहणी केलेलीच आहे. जे सहमत असतील त्यांनी आहेत तसे राहावं.”

लेनिर तिसऱ्या रांगेत होती. तिच्या पुढे वडिलांची मान, शर्टाच्या कॉलरमधून वर आलेली, बारीक, उन्हाने काळी पडलेली. ते वळले नाहीत. ते अगदी स्थिर बसले होते, फोटो काढून घेताना माणूस बसतो तसे. शेजारचा तरुण मोबाइलवर काहीतरी बघत होता. त्याच्या मांडीवर त्याची लहान मुलगी झोपली होती आणि तिच्या केसांना क्लबच्या रंगाच्या रिबिनी होत्या. रविवारी हा तिला खांद्यावर घेऊन वर जाणार. गोल झाला की उडी मारणार. सगळेच मारतील, आणि एका ठेक्यात मारतील, कारण लहानपणापासून तसंच शिकवलेलं आहे.

हलायला नको होतं. नुसतं बसून राहिलं की झालं. पायांना बसायची इतकी सवय असते, की त्यांना उठवायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो सुटत नव्हता.

“मंजूर,” असं म्हणायला वाल्देसिरने तोंड उघडलं, आणि लेनिर उभी राहिली.

आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग मागचा एक जण म्हणाला, “बाई, पंखा नकोय का? बंद करतो, बसा.” दुसरा म्हणाला, “संडास डावीकडे आहे, बाई.” पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो अर्ध्यावर विरला, कारण ती कुठेच जात नव्हती.

वाल्देसिर कागद खाली ठेवत म्हणाला, “काय झालं?”

“मी सहमत नाही.”

“कशाला सहमत नाही?”

“किनारा उघडायला.”

खुर्च्या करकरल्या. कोणीतरी ओरडलं, “तिकडून किती मिळाले?” त्याच्या शेजाऱ्यानेच त्याला गप्प केलं, “मेस्त्रीची पोरगी आहे ती, तोंड सांभाळ.” तिच्या शेजारच्या तरुणाने मोबाइल खिशात टाकला होता. ओतिलिया मावशीने डोळे उघडले होते.

“बाई, ऐका माझं,” वाल्देसिर हळू आवाजात, समजुतीने म्हणाला, “थोडी डागडुजी करायची असेल तर करू की. दोन टेकू लावू. रविवार तेवढा जाऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते.”

“टेकूने होणार नाही. पोखरलंय ते आतून. मी स्वतः तपासलंय, आणि एकदाच नाही. वाळूत मीठ आहे. ज्या दिवशी काँक्रीट ओतलं, त्याच दिवसापासून ते मीठ सळया खातंय.”

पुढच्या रांगेतले म्हातारे एकेक करून मेस्त्रींकडे बघू लागले. त्यांतल्या काहींनी ती वाळू वाहिली होती. एकाच्या ओठांवर त्या इंजिनिअरचा किस्सा आला असावा, कारण त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मेस्त्री काठीवर भार देऊन वळले. पूर्ण वळता येईना, म्हणून अर्धेच वळले. त्यांचा आवाज कोरडा होता आणि त्यात राग नव्हता, ते सगळ्यात वाईट.

“पोरी, खाली बस.”

“नाही, बाबा.”

“रविवारनंतर सांग म्हटलं होतं तुला. लोकांसमोर नको.”

“रविवारी लोकच तर असणार आहेत वर.”

त्यांचा हात काठीच्या मुठीवर उघडत-मिटत होता. याच हाताने त्यांनी तिला पहिल्यांदा किनाऱ्यावर चढवलं होतं, सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथून गोदीच्या क्रेन दिसतात आणि त्यांच्यामागे समुद्र. लेनिर आता वाल्देसिरशी बोलत नव्हती, सभेशीही नाही. ती त्या अर्ध्या वळलेल्या चेहऱ्याशी बोलली.

“या रविवारी किनाऱ्यावर कोणी बसायचं नाही, आणि पुढेही कधी नाही. तो पाडावा लागेल, बाबा. सगळा.”