आण्णांची पाठ आणि किटलीभर दूध

समाजाची खरी परीक्षा गतिरोधकावर होते. हे वाक्य राजवर्धनला सुचलं तेव्हा त्याची लाल, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार कसबा बावड्यातल्या गतिरोधकावर पोट टेकून बसली होती आणि समाज चारी बाजूंनी सल्ला देत होता.

"पावणं, उचलू का नारळ फोडू?" एकानं विचारलं.

उचलावीच लागली. गाडी पुण्याहून जुनी घेतलेली. तिला असल्या रस्त्यांची सवय नव्हती. ठेवायला आण्णांनी, म्हणजे राजवर्धनच्या वडिलांनी, गोठ्याशेजारची शेड दिली होती, पण मनातून त्यांना तिथं आणखी दोन म्हशी बांधायच्या होत्या. आण्णा पाठीचे जुने दुखणेकरी. गाडीत ते कधी बसले नव्हते, तरी ती गल्लीच्या तोंडाशी आदळली की त्यांना ओट्यावर कळ यायची.

"पाडव्याला मला जोतिबाला ने," आण्णांनी शेवटी निकालाची तारीख दिली. "घरी आल्यावर पाठ गप ऱ्हायली तर गाडी शेडात. बोलली तर म्हशी शेडात."

राजवर्धन थेट उद्यमनगरात संगमेशकडं गेला. संगमेश निपाणीकडचा इंजिनिअर. त्याच्याकडं एक प्रश्न नेला की तीन उत्तरं मिळत आणि तिन्ही पटत, हाच त्रास होता.

"गाडी खाली घेणारे कडक स्प्रिंग टाका, मालक. जमिनीला चिकटून पळतीया. वळणावर तर विचारूच नका."

"आणि गतिरोधकावर?"

"तिथं तर मुळीच विचारू नका."

दुसरं उत्तर मऊ स्प्रिंग. तिसरं म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला संच, ज्याची उंची आणि कडकपणा दोन्ही फिरवून लावता येतात. संगमेश म्हणाला, एकेक बसवून बघा, जे पटेल ते ठेवू.

आता पटलं हे कळायचं कसं? संगमेशकडं त्यासाठी संगणक होता. राजवर्धनच्या घरात तीन पिढ्या दुधाचा धंदा. आण्णांनी उभं आयुष्य सायकलवरून दूध घातलेलं. रस्ता चांगला की वाईट हे ते किटलीचं झाकण उघडून सांगत. तेव्हा राजवर्धननं शेजारच्या सीटवर म्हशीच्या दुधानं भरलेली किटली ठेवली, तिला सीटबेल्ट लावला आणि जोतिबाच्या वाटेला लागला.

कडक स्प्रिंगवर घरी येईतो किटलीत लोण्याचे कण तरंगत होते.

"बरं झालं," बायको संयोगिता म्हणाली. "उद्या वर जाऊन या, तूप तेवढं ऱ्हायलंय."

मऊ स्प्रिंगवर लोणी आलं नाही, पण घाटाच्या वळणांवर गाडी अशी झुलली की निम्मं दूध सीटनं प्यायलं. राजवर्धन आठवडाभर दह्याच्या वासात हिंडला. तालमीतली पोरं गाडीजवळून जाताना "ताक हाय का ताक?" असं अदबीनं विचारायची.

मग तिसरा संच. उंची वाढवली, कडकपणा हळूहळू उतरवला. रोज सकाळी किटली जोतिबाला जायची आणि दर्शन न घेता परत यायची. अखेर एक दिवस घरी येऊन झाकण काढलं तर साय जशीच्या तशी, तिला सुरकुती नाही. राजवर्धनचे डोळे पाणावले. कडीत बोटं घालून त्यानं किटली सीटवरून अलगद उचलली आणि संयोगितापुढं धरली.

"बघ. आण्णांना पाळण्यात बसल्यागत वाटंल."

"आवो, पण आण्णा म्हंजे किटली न्हवं."

हे तिनं सासऱ्यांच्या मानापोटी म्हटलं असेल असं समजून त्यानं मान डोलावली.

पाडव्याला आण्णा गुलाबी फेटा बांधून आले. गाडीच्या दाराकडं पाठ केली, वाकले आणि मागं सीटवर सुटले. पुढचं काम वजनानं केलं. गाडी निघाली. वाटेतल्या सगळ्या गतिरोधकांवरून ती अशी गेली की फेट्याचा तुरा हलला नाही. घाटात आण्णा चक्क घोरू लागले. राजवर्धननं शेड जिंकली होती.

वर पोचल्यावर त्यानं दार उघडलं. "पाठ काय म्हणतीया, आण्णा?"

"हाय का न्हाई त्येच कळंना. ब्येस गाडी हाय की रं!"

"मग उतरा की."

"उतरतोय की."

बराच वेळ गेला.

"उतरताय न्हवं?"

"आरं, पाय वर आन् मी खाली. कशाला धरून उतरू?"

राजवर्धननं ओढून पाहिलं. फेटा तेवढा सुटला. एक नारळवाला वाकून म्हणाला, "पावणं, दर्शन गाडीतनंच काय?" तसंच झालं. गाडी इतकी बुटकी की आतून कळस दिसेना; समोर पेढ्याच्या दुकानाची फळी होती, आण्णांनी तिलाच हात जोडले.

घरी परतल्यावर उतरवायला तालमीतला सयाजी आला. त्यानं आण्णांना काखेत धरलं, "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणून झटका दिला आणि आण्णा बाहेर आले. येताना काहीतरी कट्कन वाजलं.

"शॉकअप का वो?" सयाजीनं विचारलं.

शॉकअप नव्हता. आण्णा ओट्यावर पालथे पडून बोलले, "म्हशी आण."

"पण आण्णा, वाटंत तर दुखली न्हाय!"

"आन् उतरायचं न्हाई, त्या गाडीतच ऱ्हायचं व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी संगमेशचा फोन आला, शॉकअपचं सेटिंग कसं वाटलं म्हणून. राजवर्धननं खरं ते सांगितलं. सेटिंगमध्ये काही चूक नव्हती. किटलीला कडी असते, आण्णांना नव्हती.