साड्यांखाली दडपलेली फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे आणि आज मी भयंकर चिडले आहे. पनवेलच्या एका हॉस्पिटलात माझ्या निळ्या पुठ्ठ्यावर चारुताचं नाव पडलं. तिचं वजन एकशे अठरा किलो होतं, गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टरांनी तिचं जठर लहान केलं, आतड्याची जोडणी बदलली आणि माझ्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'कितीही वर्षांनी पोटात कळ आली, उलट्या झाल्या, तर ही फाईल घेऊन लगेच या.' मला केवढा मान वाटला होता तेव्हा!

सुकापूरला घरी येताच तिच्या सासूबाईंनी, आशालताबाईंनी, मला साड्यांखाली दडपलं.

"कुणाला कळता कामा नये. लोक म्हणतील, आधी खाऊन फुगली, मग पोट कापून घेतलं."

चारुता बारीक झाली. सोसायटीतल्या बायका तिला डाएट विचारत आणि ती बिचारी मेथीच्या पाण्याच्या थापा मारी. सगळी वाहवा मेथीची! मी डांबरगोळ्यांचा वास घेत पडून होते.

तीन वर्षांनी एका दुपारी जेवणानंतर तिच्या पोटात कळ आली. ओवा झाला, हिंग झाला, शेकून झालं. दुसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. आशालताबाईंनी कपाटापाशी उभं राहून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"ऑपरेशन? छे हो! कधीच नाही. गॅसच असणार."

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

शेवटी चारुताच भिंत धरत उठली. साड्या खाली ओढून तिने मला बाहेर काढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "विश्वजीत, गाडी काढ. आईंना काय म्हणायचं ते म्हणू देत."

सर्जननी माझं ते पान वाचलं आणि तिला तडक आत नेलं. वजन उतरलं की पोटातली चरबी झिजते, आतड्याच्या बदललेल्या जोडणीमागे फट पडते. त्या फटीत आतडं शिरून पिळलं होतं. हातभर काळं पडलं होतं, ते कापावं लागलं.

"कालच आणायला हवं होतं," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी शेजारच्या कुमुदताई भेटायला आल्या.

"काही नाही, गॅसचा त्रास," आशालताबाई घाईने म्हणाल्या. एवढं होऊनही! माझा नुसता जळफळाट झाला.

"खोटं आहे ते," चारुता म्हणाली. "वजनाचं ऑपरेशन केलं होतं मी. लपवलं, म्हणून मरता मरता वाचले."

कुमुदताई दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आमच्या भावजयीनेही केलंय गं. कुणाला बोलू नकोस हं."

मित्रांनो, त्या भावजयीचीही एक फाईल कुठल्यातरी कपाटात गुदमरत असेल. हात जोडते, तिला आजच बाहेर काढा.