उजवीकडचा पडदा

रंगाच्या बाबतीत अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणसानं जन्मभर शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून सांगायचे, "त्या पिवळ्यात कुणीतरी पांढरा ढकललाय." आणि ढकललेला असायचाच!

त्यांची लेक घरीच, तिच्या खोलीत, कॉम्प्युटरवर लहान मुलांसाठी कार्टूनच्या फिल्म बनवायची. फिल्म तयार झाली की अप्पांनी खुर्ची ओढून शेजारी बसायचं, मान डोलवायची, एखादी खोड काढायची. ती खोड दुरुस्त झाली की मगच फिल्म घराबाहेर जायची. अप्पांच्या नजरेखालून न गेलेलं काम म्हणजे तिला मीठ न घातलेल्या भाजीसारखं वाटायचं.

पण हल्ली तिच्या कॉम्प्युटरनं मान टाकली होती. म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरनं नव्हे, त्यातल्या ग्राफिक्स कार्डानं. सगळी चित्रं हलवायचं काम त्या कार्डाचं, आणि ते बिचारं पार थकलेलं. पडद्यावर माशांचा थवा आला रे आला की आतला पंखा घोंगावायचा आणि मासे जागच्या जागी गोठायचे. नेमकी एका कंपनीनं माशांचीच फिल्म मागितली होती. नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम. आता कार्ड घ्यावं, तर बातमी अशी की थोड्याच महिन्यांत त्याहून भारी मॉडेल येतंय. आज घ्या, उद्या ते शिळं. घेऊ की थांबू? घेऊ की थांबू? तिचं डोकं भणभणून गेलं होतं.

विचारणार कुणाला? अप्पांनाच.

"थांब गं ठमे," अप्पा म्हणाले. "पुढचं येऊ दे."

आता हे कोण बोलतंय बघा! घरात टीव्ही घ्यायचा ठरला तेव्हा दुकान उघडायच्या आधी शटरपाशी जाऊन उभे राहिलेले अप्पा! दम धरणं हे ज्याच्या पत्रिकेतच नव्हतं, तो माणूस थांब म्हणतोय.

"मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात," लेक वैतागली. "तेव्हा जे पुढचं होतं ना, ते हेच! असं थांबत बसले तर मी म्हातारी होईन."

"म्हातारपण काही वाईट नसतं," अप्पा म्हणाले आणि विषय संपला.

पण लेकही त्यांचीच. तिनं दुकानदाराला गाठून ठरवून टाकलं. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवायचे. डावीकडच्यात तिच्याकडच्यासारखंच जुनं कार्ड, उजवीकडच्यात नवं. दोन्हींवर तिचीच माशांची फिल्म लावायची. "अप्पा, तुम्ही फक्त बघायचं. तुम्हाला फरक दिसला तर घेते, नाही दिसला तर थांबते. बस्स."

झालं! अप्पांचा गुडघाच दुखायला लागला. मग चपलेचा अंगठा तुटायला आला. मग म्हणे, बाहेर ऊन फार आहे. तिनं हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा कुठे निघाले. आणि गुडघा दुखणारा हा माणूस रस्त्यातला खड्डा चुकवत, मध्ये झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालत असा टणाटणा चालला की लेकीला हसू आलं. नखरे नुसते!

दुकानात डावीकडच्या पडद्यावर मासे सुरू झाले, अडखळत, धापा टाकत. उजवीकडचा कॉम्प्युटर अजून तयार होत होता. तिथे नुसता निळा पडदा, आणि मधोमध पांढऱ्या ठळक अक्षरांत 'कृपया थांबा'. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानदार पुढे गेला.

अप्पांनी सवयीप्रमाणे हात पाठीमागे बांधले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एक पाऊल मागे सरकले, जसे पाटी रंगवून झाल्यावर सरकायचे.

"हं. आहे गं फरक," ते म्हणाले. "उजवीकडचं जास्त खुललंय."

लेक फिस्सकन हसली. "पुरे हं चेष्टा."

"चेष्टा कसली? खवले बघ की. एकेक खवला सुटा दिसतोय. शेपटीची सावलीसुद्धा वाळूवर पडलीये. पण एवढ्याशा फरकासाठी घाई नको ठमे. तू थांबच."

लेकीचं हसू तोंडातच राहिलं. तिनं पडद्याकडे पाहिलं. निळा. कोरा निळा. मासा नाही, वाळू नाही, काही नाही.

"अप्पा, ह्या पडद्यावर काय लिहिलंय?"

अप्पांनी मान तिरकी करून पाहिली.

"मोठी अक्षरं आहेत अप्पा. वाचा ना."

"चष्मा घरी राहिला गं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

अरे देवा! तिच्या तोंडून शब्द फुटला तो एकच. "कधीपासून?"

अप्पांनी मान खाली घातली. पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "मधलं गेलंय. कडेकडेनं दिसतं. खड्डा दिसतो, कुत्रं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. तुझं तोंडसुद्धा... कुणीतरी बोळ्यानं पुसल्यासारखं."

"कधीपासून, अप्पा?"

"हत्तीच्या फिल्मच्या आधीपासून."

हत्तीच्या फिल्मच्या! आणि त्या फिल्मला तर तेच म्हणाले होते, आभाळ जरा हिरवट मारतंय म्हणून! तिनं आभाळ बदललं होतं आणि लोकांनी त्या आभाळाचंच कौतुक केलं होतं. "मग ते हिरवट कसं कळलं तुम्हाला?"

"तुझ्या हातावरून. त्या जागी आलीस की तुझा माउस टकटक वाजायचा, मग गप्प, मग परत टकटक. तुझं तुलाच पटत नव्हतं गं. मी आपलं तोंड उघडलं. रंग तू सांगितलास."

"आणि डॉक्टर?"

"गेलो होतो एकदा, तुला न सांगता. डोळ्यात सुई टोचायची म्हणाले. शिडीवर कधी भ्यालो नाही, पण डोळ्यात सुई म्हटल्यावर माझी बोबडीच वळली. तिथे बाकावर एक जण म्हणाला, थेंबांचं औषध येतंय नवीन. म्हटलं, थांबू. पुढचं येऊ दे."

पुढचं येऊ दे! तिला संताप आला, रडू आलं, सगळं एकदमच आलं. कार्ड आलं असतं तर अप्पांना फरक सांगावा लागला असता, म्हणून तिलाही थांबवत आले होते.

"झालं बघा सुरू!" मागून दुकानदार ओरडला. "बघा ताई, कसं दिसतंय? काका, तुम्ही सांगा!"

पण ताईनं काकांचं मनगट धरलं होतं आणि ती त्यांना दाराकडे ओढत होती.

"अगं, तुझं कार्ड? तुझं काम?"

"काम गेलं खड्ड्यात!"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाल्या, डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही. उजव्यात थोडं उरलंय, इंजेक्शनं घेत राहिलात तर ते टिकवू. "काका, पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच सुरू करायला हवं होतं. दोन्ही वाचले असते कदाचित." लेकीनं भिंतीला पाठ टेकली. वाचले असते! हे दोनच शब्द तिच्या डोक्यात घण घालत राहिले. अप्पा मात्र निमूट आत गेले आणि त्यांनी सुई टोचून घेतली.

बाहेर येऊन ते उजव्या डोळ्यावर पट्टी घेऊन बाकावर बसले. ती शेजारी.

"ठमे," अप्पा हळूच म्हणाले, "ते उजवीकडचं शेवटी सुरू झालं ना? कसं होतं गं? खरंच सुटे दिसत होते खवले?"

तिनं आठवून पाहिलं. पडदा उजळला होता, दुकानदार ओरडत होता, एवढंच आठवलं.

"मी बघितलंच नाही, अप्पा," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. इतके दिवस कोपराला कोपर लावून ती त्यांच्या शेजारी बसली होती. डोळे पडद्याला लावून विचारत होती, दिसतंय ना अप्पा? आणि ते म्हणत होते, दिसतंय गं. एकदाही तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.