अभिमन्यूचं स्वल्प

"आमच्या घरातलं कुणी 'स्वल्प' म्हटलं की तू घाबरायचं," लग्नानंतर आठवड्याभरातच सासूबाईंनी, मालनबाईंनी, मला बजावलं होतं. सासरे एकदा चिकपेटेत जिन्यावरून पडले, घरी येऊन 'स्वल्प लागलंय' म्हणाले आणि डाव्या हातानं जेवायला बसले. उजवं मनगट मोडलं होतं. कन्नडातलं हे 'थोडंसं' या घरात कशावरही पांघरतात. मी पुण्याची, मला ती गंमत वाटली. खूप हसले होते.

परवा माझ्या नवऱ्याच्या, अभिमन्यूच्या नाकाचं ऑपरेशन झालं. स्कूटरच्या अपघातात खचलेलं नाक एकदा दुरुस्त करूनही पुन्हा बसलं होतं. नाकातली कूर्चा संपलेली, म्हणून या वेळी बरगडीची घ्यायची ठरली. डॉ. सुप्रीतांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. उजव्या छातीखाली बोटाच्या पेराएवढा छेद, त्यातून कॅमेरा घालून बरगडीच्या टोकाचा मऊ तुकडा काढायचा. त्याच्या खालीच फुप्फुसाचं आवरण, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. ते फाटलं तर छातीत हवा शिरून फुप्फुस दबतं. तुकडा काढल्यावर त्यांनी तिथं पाणी भरून पाहिलं. बुडबुडे आले नाहीत. एक्सरेही स्वच्छ होता. काल घरी सोडलं.

आज सकाळी नर्सचा फोन आला. दुखतंय का? स्वल्प. दम लागतो का? स्वल्प. नाकात बोळे आहेत, तोंडानं श्वास घेताना तसं होणारच, ती म्हणाली. मलाही पटलं.

तरी मी बघत राहिले. तो आडवा होईना. पाठीशी उशी घेऊन कपाटाला टेकून बसलेला. आमची दोन वर्षांची लेक मांडीवर चढू लागली तेव्हा त्यानं तिला थांबवलं, "सं... हिता." एवढ्याशा नावाला दोन श्वास.

मागच्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला तेव्हा मी श्वास मोजायला शिकले होते. मोबाइलवर मिनिट लावलं आणि त्याला न सांगता मोजले. चौतीस. पुन्हा मोजले. छत्तीस. मोठ्या माणसाचे विसाच्या आत असतात.

"नीट घेता येतोय ना श्वास?"

"येतोय की. स्वल्प... अडकतंय."

हॉस्पिटलला फोन लावला. नर्सनं कागद बघून सांगितलं, पेशंटनं सौम्य त्रास सांगितलाय, संध्याकाळी बघू.

"सिस्टर, या घरात हात मोडला तरी स्वल्पच म्हणतात. ते लिहू नका. मिनिटाला छत्तीस श्वास आहेत, ते लिहा."

तिनं फोन पुढे दिला. मग डॉ. सुप्रीतांचा आवाज आला. आत्ताच्या आत्ता निघा.

ऑटोत संहिताला घट्ट धरून मी त्याच्या ओठांचा रंग बघत होते. तीन सिग्नल लागले. "नाक नवं... फुप्फुस... सेकंडहँड," तो म्हणाला, हसायला गेला आणि छाती दाबून वाकला. मी त्याला बोलू नकोस म्हटलं. त्यानं ऐकलं, याचीच जास्त भीती वाटली.

उजवं फुप्फुस निम्म्याहून जास्त दबलं होतं. टाचणीएवढी चीर, मागाहून उघडली असावी, डॉक्टर म्हणाल्या. बरगड्यांमधून नळी घातली आणि कोंडलेली हवा बाहेर येऊन बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे फुटू लागले. तासाभरानं मी मोजले. बावीस.

आता तो झोपलाय आणि मला इथून हलता येत नाही. मघाशी सासूबाई संहिताला न्यायला आल्या, तेव्हा लंगडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "ऑटोतून उतरताना पाय स्वल्प मुरगळला गं." आणि नातीला कडेवर घेऊन निघूनही गेल्या. तेव्हा माझं लक्ष बाटलीकडे होतं. आता त्या फोन उचलत नाहीत.

आमचं घर चामराजपेटेत, पिठाच्या गिरणीवरचा मजला. तुम्ही त्या बाजूला असाल तर जरा वर चढून या. कसं आहे, असं विचारू नका. त्यांना चार पावलं चालायला सांगा आणि बघा.