त्राब्झोनला बारा किलोमीटर

"आता बघतो कशी चालतेस ती," असं म्हणत हेशमतनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

त्याची बायको फर्खंदे दोन पायऱ्या खाली उभी होती. पायांत बाहेरचे बूट, हातात शंभर मण्यांची तस्बीह.

"बारा किलोमीटर राहिलेत," ती म्हणाली.

"राहू देत. साडेतीन वर्षं झाली, जरा डोळा लागला की माझ्या डोक्यावर धप्‌ धप्‌ धप्‌! लोकांच्या बायका नवऱ्याचं डोकं चेपून देतात. तू तुडवतेस! आणि तस्बीह देवाचं नाव घ्यायला असते, मैल मोजायला नाही."

फर्खंदे खाली उतरली.

कर्मान शहरातल्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं कॉलर लावल्या होत्या. मध्ये एका वर्षी तिथल्या बायकांची तुर्कस्तानात, त्राब्झोनला सहल ठरली. समुद्र, पाऊस, हिरवे डोंगर! वाळवंटाच्या कडेला जन्मलेल्या त्या बायकांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. पण तिथं बायकोच्या पासपोर्टला नवऱ्याची संमती लागते. हेशमतनं कागद वाचला, त्याची नीट घडी घातली आणि खडखडणाऱ्या खिडकीच्या फटीत खोचून दिली. "समुद्रात काय तुझ्या बापाची जहाजं बुडालीत?" एवढंच तो म्हणाला. बसमधली तिची जागा दुसरीला मिळाली. पुढं दर दोन-तीन वर्षांनी तिनं विचारलं, आणि दर वेळी त्याला नवीन विनोद सुचला.

कारखाना सुटला त्याच आठवड्यात तिनं गच्ची पावलांनी मोजली. कडेकडेनं एक फेरी म्हणजे वीस मीटर. शंभर फेऱ्या, दोन किलोमीटर. मनानं कर्मानहून त्राब्झोनच्या वाटेला लागून ती रोज दुपारी चालत राहिली. वाटेत जे गाव लागेल त्याचे रस्ते फोनवर बघायची, दुकानांच्या पाट्या वाचायची, तिथं काय शिजतं ते शोधून काढायची. तब्रीझला पोचली त्या दिवशी तिनं तिथले मुठीएवढाले कोफ्ते केले. हेशमतनं ताट ढकललं. "मी कर्मानातच आहे. मला इथलं वाढ." तुर्कस्तानची हद्द ओलांडली त्या दुपारी तिला कुणी कागद विचारला नाही. ते तिनं कुणाला सांगितलंही नाही.

कुलूप लागलं त्या दुपारी हेशमत दिवाणखान्यात गालिच्यावर आडवा झाला. डोळा लागणार एवढ्यात बुटांचा आवाज आला. गालिच्याच्या कडेनं, उघड्या फरशीवरून, फर्खंदे त्याच्याभोवती फिरत होती.

"हे काय चाललंय?"

"चालतेय."

"माझ्याभोवती?"

"तुम्ही मध्ये आडवे आलात."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानं उशी फेकली. ती ओलांडून ती पुढं गेली. मग त्यानं रफ्संजानला तिच्या मोठ्या भावाला फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"फर्खंदे, वेड लागलंय का तुला?" भाऊ म्हणाला. "अगं, तो तुला मशहदला न्यायला तयार आहे. दर्ग्याची जियारत होईल, मन शांत होईल. आणखी काय हवं बाईमाणसाला?"

"ते नेतील, दादा. मला जायचंय."

"दोन्ही एकच की!"

"नाही," ती म्हणाली, आणि एक मणी पुढं सरकवला.

तिसऱ्या दुपारी हेशमत उठून बसला. खिशातून किल्ली काढून त्यानं ती तिच्या पायांवर भिरकावली. "जा! वर जाऊन मर एकदाची!"

राहिलेलं अंतर तिनं गच्चीवर संपवलं. शेवटच्या दिवशी वारा होता, तोंडात धूळ जात होती. शंभरावा मणी आला तशी ती थांबली, कठड्यापाशी खाली बसली आणि उत्तरेकडं, त्राब्झोनचा समुद्र ज्या बाजूला आहे तिकडं तोंड करून तशीच राहिली.

डोक्यावरचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू होईना, तेव्हा हेशमत धापा टाकत जिना चढून आला. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं दाराचा उंबरा ओलांडला. बायको पाठमोरी बसली होती.

"पोचलीस?"

"हो."

त्यानं कठड्यापलीकडं पाहिलं. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, मागं उघडेबोडके डोंगर.

"असं काय आहे गं तिथं?"

"तुम्ही नाही आहात," फर्खंदे म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

तो भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरून गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

ऊन गच्चीवरून सरकेपर्यंत ती तिथंच बसली. मग बुटांतली खडी झटकून खाली आली, हात धुतले, आणि दोघांपुरता भात टाकला.